भोंग्यासमोरचा खांब

आमच्या शेजारचा शिवणयंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री एके काळी रॉक बँडमध्ये होता, असं मी कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग त्याच्याकडे बघतात आणि 'असेल बुवा' अशा चेहऱ्यानं आपापलं मशीन उचलून चालू लागतात. लोकांचंही काही चुकत नाही. साठी ओलांडलेला, उंच, वाळका, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि बोटांना कायम मशीनच्या तेलाचा वास असलेला हा गृहस्थ कुठल्याच बाजूनं बंडखोर दिसत नाही. गिऱ्हाईक दरडावून म्हणालं, "काल देतो म्हणाला होतात!" तर हा म्हणतो, "चुकलंच माझं." वास्तविक मशीन कालच तयार असतं, गिऱ्हाईकच आलेलं नसतं.

बँडमध्ये त्याला खांब म्हणत. एक तर उंचीमुळे. दुसरं म्हणजे स्टेजवर बाकीचे तिघं मुंग्या चावल्यासारखे नाचत असताना हा बेस गिटार पोटाशी धरून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखा उभा असे. बेस म्हणजे चार जाड तारांची, सगळ्यात खालच्या आवाजाची गिटार. ती वाजते तेव्हा लोकांना कळत नाही, थांबली की कळतं, असं खांबाचं म्हणणं. मला विचाराल तर थांबल्यावरही फारसं कळत नाही. पण माझं बटणांचं आणि लेसचं दुकान त्याच्या दुकानाला लागून आहे, भिंत एकच आहे, तेव्हा हे मत मी माझ्याजवळच ठेवलंय.

त्या काळात त्यांची एक कॅसेट निघाली होती. पाच गाणी, पाचही संतापलेली. घरोघरी पोरं ती लावत आणि घरोघरी बाप ती बंद करत, म्हणजे यशस्वीच म्हणायची. खांबानं ती लग्न झाल्यावर मोठ्या हौसेनं बायकोला ऐकवली. ही बायको, म्हणजे आमच्या वहिनी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसल्यामुळे त्यांचा कान असा तयार झालेला की जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलंय आणि काय मागायला आलंय हे त्या सांगत. त्यांनी पाचही गाणी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "यात तुम्ही कुठं आहात?"

"खाली आहे. तळाशी."

"तळाशी म्हणजे? बुडालात का?"

तेव्हापासून हा घरचा विनोद झाला. पाहुणे आले की, मग ते बँडवाले का असेनात, वहिनी कॅसेटचा विषय काढत. "आमच्या यांनी गाणी केलीयत हो. ऐकू येत नाहीत एवढंच." आणि खांब चहाच्या कपात बघत हसे. हसे, पण कप जरा जास्तच वेळ तोंडाशी धरून ठेवी.

आता या बँडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

बँडचा गायक भोंगा. गळा दणकट, पण स्वभाव मऊ. घरी आई, दोन आत्या आणि तीन बहिणींमध्ये वाढलेला. 'जाळून टाकीन' ही ओळ तो 'जेवून जा' म्हटल्यासारखी गाई. कॅसेटच्या वेळी दोन दिवस हा प्रकार चालला. शेवटी खांबाच्या हातून भोंग्याच्या नव्या बुटांवर चहा सांडला, भोंगा त्याच्यावर उखडला, आणि गिटारवाला मास्तर, जो सगळ्यात हुशार होता आणि त्याला ते माहीतही होतं, तो ओरडला, "हाच! हाच आवाज! खांबा, तिथंच उभा राहा, हलू नकोस!"

त्या दिवसापासून ठरूनच गेलं. भोंगा गाणार म्हटलं की त्याच्यासमोर, माइकच्या पलीकडे, खांबाला उभं करायचं. गाण्याआधी भोंग्यानं त्याच्या उंचीवरून, पँटवरून, कंजूषपणावरून, बापाच्या टकलावरून वाटेल ते बोलायचं. खांबाचा चेहरा पडला की मास्तर बोट वर करणार, रेकॉर्डिंग सुरू. खालचा ओठ किंचित थरथरला की भोंग्याला सूर लागे. कॅसेट ऐकून लोक म्हणत, काय चीड आहे हो या पोरांच्यात व्यवस्थेविरुद्ध! ती सगळी चीड एका शिवणयंत्रवाल्याच्या नाकावर काढलेली होती.

"तुला वाईट वाटायचं नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"वाटायला हवंच होतं," तो बॉबिन बसवता बसवता म्हणाला. "नाही वाटलं तर याचा आवाज कसा निघणार?"

पुढे बँड मोडला. भोंग्यानं टाइल्सचं दुकान काढलं, ते चाललं. मास्तर जाहिरातींची गाणी करू लागला, तीही चालली. ड्रमवाला देवाघरी गेला. खांब होता तिथंच होता.

आणि मग एका दुपारी मास्तरचा फोन आला. भिंत एकच असल्यामुळे मला अर्धा ऐकू आला आणि उरलेला अर्धा खांबानं येऊन सांगितला.

"नवं गाणं करतायत! इतक्या वर्षांनी! एकदम जबरी, कान फाटतील असं. 'वाट सोड' नाव आहे. मास्तर म्हणाला, तुझ्याशिवाय होणारच नाही."

हे वाक्य त्यानं मला सांगितलं, वहिनींना सांगितलं, समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि फॉल-पिकोची दहा वर्षांची उधारी असल्यासारखं तोंड करून आलेल्या एका शिंपिणीलाही सांगितलं. त्या बिचारीला फक्त सुई बदलून हवी होती.

खांबानं बेसला नव्या तारा चढवल्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो वाजवत बसे, माझ्या फळीवरची बटणांची खोकी थरथरत. मास्तरनं पाठवलेली चाल ऐकून त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक जागा शोधून काढली होती. गाण्याच्या मध्ये गिटार, ड्रम, गायक सगळे एकदम थांबतात. त्या रिकाम्या जागेत फक्त बेस, छोटासाच तुकडा, आणि मग पुन्हा सगळे तुटून पडतात. त्यानं मास्तरला फोनवर विचारलं. मास्तर म्हणाला, "बघू ना, ये तर खरं." खांबाच्या कानात त्यातलं फक्त 'ये' शिरलं.

"या वेळी ऐकू येईल," त्यानं वहिनींना सांगितलं. "मध्ये सगळे थांबतात. मी एकटा."

"एकटे? मग शोधायला नको," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी एक्स्चेंजच्या जुन्या मैत्रिणीला सांगितलं, बहिणीला सांगितलं, मेहुण्यांना रविवार मोकळा ठेवायला सांगितला. चेष्टा करणाऱ्या बाईनं एवढ्या लोकांना आमंत्रण दिलं, तेव्हाच मी समजलो की खांबाला आता ऐकू येण्यावाचून गत्यंतर नाही.

स्टुडिओ एका दातांच्या दवाखान्याखाली, तळघरात होता. वर डॉक्टरचं यंत्र सुरू झालं की खाली रेकॉर्डिंग थांबवायचं, असा दोघांत समझोता होता. खांबाचा जुना ॲम्प्लिफायर एकट्यानं उचलत नाही, म्हणून दुसरं टोक धरायला मी गेलो होतो. जिना उतरताना तो म्हणाला, "हळू रे, आत काचेचा दिवा आहे, जुन्या रेडिओसारखा." नव्या नवरीची पेटी असावी तसं आम्ही ते धूड खाली नेलं.

भोंगा कोचावर बसून रक्तदाबाची गोळी घेत होता. पोट सुटलेलं, चेहरा आजोबांचा. त्यानं खांबाला मिठीच मारली. "अरे खांबा! तसाच आहेस! गंजला कसा नाहीस?"

"तेल असतं ना हाताशी," खांब म्हणाला. सगळे हसले. तो सगळ्यात जास्त.

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी एक तिशीची मुलगी होती. तिनं ॲम्प्लिफायरकडे पाहिलं, मग मास्तरकडे पाहिलं, मग उगाचच एक वायर गुंडाळायला लागली. मास्तर म्हणाला, "हो हो, लाव, लाव. वाजव एकदा. बोटं मोकळी होतील."

खांबानं वाजवलं. हेडफोन लावून, डोळे मिटून, सबंध गाणं. मला संगीतातलं कळत नाही, पण शेजारी बसून तीच चाल किती दिवस ऐकलेली. त्यानं एकही जागा चुकवली नाही. मधला तुकडा आला तेव्हा त्याचा खांदा हलला. इतक्या वर्षांत मी त्याला गिटार घेऊन हललेला पाहिला नव्हता.

त्यानं डोळे उघडले आणि काचेच्या वरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेलाच होता.

"दिवा लागला नाही का गं?" त्यानं मुलीला विचारलं.

मुलगी मास्तरकडे बघू लागली. मास्तरनं माइकचं बटण दाबलं. "खांबा, बेस भरून झालाय रे. गेल्याच आठवड्यात. कॉम्प्युटरवर केला मी. एकदम गच्च बसलाय."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"उभा राहायला," मास्तर म्हणाला. दुधात साखर टाकायला विसरलो, इतक्या सहज म्हणाला. "याचा आवाज निघत नाहीये रे. तीन दिवस झाले. भजन म्हणतोय नुसता. तुझ्याशिवाय होणार नाही, सांगितलं नव्हतं का मी?"

सांगितलं होतं. शब्दाला माणूस पक्का.

खांबानं बेस हळूच केसमध्ये ठेवला. मला वाटलं, आता हा चालायला लागणार. मी ॲम्प्लिफायरची माझी बाजू धरायला वाकलोसुद्धा. पण तो म्हणाला, "उभा राहतो. पण मधली जागा मला दे. सगळे थांबतात ती. घरी सांगून ठेवलंय मी."

मास्तरनं क्षणभर विचार केला. "दिली. मधली जागा तुझी. आता जा आत."

खांब आत जाऊन माइकपलीकडे उभा राहिला. जुन्या सवयीनं पाय जुळवून.

आणि भोंग्याला बोलायला सुचेना! "अरे... लांबट्या," तो म्हणाला. खांब प्रेमानं हसला. "कंजूष!" खांबानं मान डोलावली. "तुझी ती पँट—"

"ती फाटली रे. कधीच."

"मग काय बोलू?"

"माझ्या दातांवर बोल," खांबानं सुचवलं. "पुढचे दोन खोटे आहेत. नाहीतर मुलानं परदेशातून वर्षभर फोन केला नाही, त्यावर बोल. ते लागेल मला."

असे दोघं म्हातारे माइकच्या दोन बाजूंना उभे राहून, एकाला दुखवायला काय बोलावं याची चर्चा करत होते, आणि मी, मास्तर आणि ती मुलगी काचेतून बघत होतो. भोंग्यानं मुलाचं बोलून पाहिलं. पण बोलता बोलता त्याचा स्वतःचाच आवाज कातर झाला, कारण त्याचाही मुलगा फोन करत नव्हता. वरून दातांचं यंत्र सुरू झालं. सगळे थांबले. यंत्र बंद झालं. पुन्हा तेच. गाणं सुरू होई आणि भोंगा 'वाट सोड' असं म्हणे की ऐकणाऱ्यानं म्हणावं, आधी तुम्ही.

मास्तर वैतागला. त्यानं बटण दाबलं आणि थंडपणे म्हणाला, "भोंग्या, कॅसेटचं सांग त्याला."

भोंगा दचकला. "नको रे. ते नको."

"गाणं हवंय ना? की टाइल्स विकायच्यात?"

"कॅसेटचं काय?" खांबानं विचारलं.

 भोंग्याला राग आला, मास्तरचा आला असावा. पण मास्तर काचेपलीकडे होता आणि समोर खांब होता.

"तू नाहीयेस त्यात!" भोंगा ओरडला. "एक सूर तुझा नाही त्या कॅसेटवर! तू घरी गेल्यावर मास्तरनं सगळा पुसला आणि स्वतः वाजवून भरला! पाचही गाणी! आणि तू लोकांना सांगत फिरलास, मी आहे, मी तळाशी आहे! कुठला तळाशी? कुठंच नाहीयेस तू! तुझी बायको बरोबर विचारते रे, तिला कळलं, तुला कळलं नाही! आम्ही हसायचो! अजून हसतो!"

खांबाचा चेहरा पडला. मी तो पडताना पाहिला. आधी गाल गेले, मग ओठ. मास्तरनं बोट वर केलं. लाल दिवा लागला.

काय आवाज निघाला म्हणून सांगू! तळघराच्या भिंती हादरल्या. भोंगा गात नव्हता, खांबाला तोंडानं ढकलत होता. "वाट सोड! वाट सोड!" त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या, थुंकी खांबाच्या चष्म्यावर उडत होती, आणि खांब पाय जुळवून उभा होता. वर दवाखान्यात कुणी यंत्र सुरू केलं नाही. बहुधा पेशंट पळाला असावा.

मध्ये सगळे थांबतात ती जागा आली. गिटार थांबली, यंत्राचे ड्रम थांबले, भोंगा श्वास घ्यायला थांबला. त्या शांततेत खांब, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, म्हणाला, "पुरे ना रे आता."

आणि पुन्हा सगळे तुटून पडले.

गाणं संपलं. दिवा विझला. मुलीनं कानावरचे हेडफोन काढले. "सर, मध्ये काकांचा आवाज आलाय. काढून टाकते."

"हात लावू नकोस," मास्तर म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "सोनं आहे ते सोनं."

खांब बाहेर आला तेव्हा मास्तरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मधली जागा तुला दिली की नाही? सगळे थांबतात आणि तू एकटा. शब्द म्हणजे शब्द."

खांब चष्मा पुसत म्हणाला, "आवाज छान लागला याचा." भोंगा कोचावर बसून रडत होता. त्याला पाणी खांबानंच नेऊन दिलं.

ॲम्प्लिफायर आम्ही पुन्हा वर चढवला. शेवटच्या पायरीवर तो म्हणाला, "घरी बोलू नकोस."

गाणं आलं आणि बघता बघता सगळीकडे झालं. मूळ गाण्यापेक्षा मधला तुकडाच लोकांनी उचलला. रस्त्यात एखादा हॉर्न वाजवत सुटला की दुसरा ओरडे, "पुरे ना रे आता!" कॉलेजची पोरं एकमेकांना म्हणत, कुत्र्यांना म्हणत. एक दिवस एक बाई मशीन घेऊन आल्या, काउंटरवर आपटलं आणि हसत हसत त्याच्याच आवाजाची नक्कल करून म्हणाल्या, "धागा तोडतंय सारखं. पुरे ना रे आता!" खांबानं चष्मा चढवला आणि म्हणाला, "ताण जास्त आहे वरच्या दोऱ्याचा. उद्या घेऊन जा."

वहिनींनी मात्र ऐकलं नव्हतं. फोनवर ऐकायचं नाही, सगळ्यांबरोबर ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. रविवारी बहीण आली, मेहुणे आले, एक्स्चेंजची मैत्रीण आली. खुर्च्या माझ्या दुकानातून गेल्या. मेहुण्यांनी मोठा स्पीकर आणला होता.

गाणं सुरू झालं. बहिणीनं कानावर हात ठेवले. मेहुणे पायानं ठेका धरू लागले. मग सगळे थांबले, आणि त्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, खांब एकटाच ऐकू आला.

मेहुणे खो खो हसले. "हेच ते! आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात! कोण आहे हो हा बावळट?"

मैत्रिणीनं वहिनींकडे पाहिलं. त्या दोघींनी मिळून अख्ख्या गावाचे आवाज ओळखले होते. वहिनींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. गाणं संपेपर्यंत त्या तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "परत लावा."

परत लावलं. त्या उठून स्पीकरजवळ गेल्या, वाकून एक कान त्याला लावला, दुसऱ्यावर तळहात दाबला. पूर्वी खराब लाइनवरचं बोलणं असंच ऐकत असाव्यात. मधली जागा येऊन गेली. त्या शेवटपर्यंत वाकून राहिल्या.

"येतोय की ऐकू," त्या म्हणाल्या.

"काय?" खांबानं विचारलं.

"तुमचा बेस. अगदी तळाशी आहे, पण स्पष्ट आहे. किती सुंदर वाजवलायत हो." त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "इतकी वर्षं मीच नीट ऐकलं नाही."

"म्हणजे ते खाली धडधडतंय ते तुम्ही?" मेहुणे म्हणाले. "वा!"

खांबानं माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "मीच."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "ती जुनी कॅसेट काढा बरं. आता कळलं कसं ऐकायचं ते. तीही ऐकते नीट, पहिल्यापासून."

कॅसेटचा डबा कपाटावर असतो. खांबाचा हात तिथं उभ्या उभ्या पोचतो. बल्ब बदलायला अख्खी आळी त्यालाच बोलावते. तरी त्यानं आतून स्टूल आणलं, ते नीट टेकलंय की नाही हे दोनदा पाहिलं, वर चढला, आणि आमच्याकडे पाठ करून डब्यात बराच वेळ शोधत राहिला.